उभा फोटो

यंदा हुरड्याचं बोलावणं आलं तेव्हा मी भावाला सांगितलं, अंगात कणकण आहे. मला काहीही झालेलं नव्हतं. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच भाकरी खाऊन घेतली.

आमच्याकडे हुरड्याचं बोलावणं कुणी मोडत नाही. लग्नाला न जाण्याची शंभर कारणं निघतात, बारशाला तर कारणही लागत नाही. पण शेतात ज्वारीची कणसं भरली, दाणा हिरवा-कोवळा झाला आणि कुणी नुसतं ‘या’ म्हटलं, की माणूस गळ्याला मफलर गुंडाळून, खोकत का होईना, बांधावर हजर होतो. संक्रांतीच्या आसपासच्या त्या दिवसांत परभणीत कुणाकडे काम घेऊन जाऊ नये. साहेब असो की शिपाई, जो तो कुणाच्या तरी आगटीभोवती गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत घेत बसलेला असतो. माझा सगळा हिवाळा या एका दिवसावर टांगलेला असायचा. चुलीत भाजलेलं वांगं, तिळाची चटणी, हातावर चोळून दिलेले गरम दाणे आणि तळहाताला लागणारी ती हलकी खाज. खाज दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहितानाही जायची नाही, आणि मला ती आवडायची.

आता वसमत रोडला हुरड्याच्या हातगाड्या लागल्या आहेत. मी दुरून बघते आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायला लागते. उधारी बुडवलेलं गिऱ्हाईक दुकान चुकवून जातं, तशी.

कारण तसं छोटंसं आहे. मुठीत मावेल एवढं. लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या घडीखाली ते ठेवलेलं आहे. बॅटरी वेगळी काढून, कापडात गुंडाळून. “बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी बाहेर काढून ठेवा मॅडम,” असं दुकानदारानं बजावलं होतं. तेव्हा मी हसले होते. वापरणार नसेन तर घेईन कशाला, असं म्हणालेही होते.

घ्यायचा कशाला, हा प्रश्न मात्र सगळ्यांनीच विचारला. शाळेतल्या बाईंनी विचारला, शेजारणीनं विचारला. मोबाईलमध्ये कॅमेरा असताना आणखी कॅमेरा? मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. खरं असं होतं की मला एकच काम करणारी वस्तू हवी होती. मोबाईलवर फोटो काढायला जावं तर वरून मुख्याध्यापकांचा निरोप टपकतो, बँकेचा निरोप टपकतो, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक समोर येतो. मला वाटलं, एक यंत्र असावं, ज्याला बघण्यापलीकडे दुसरा उद्योग नाही. आणि ते माझं असावं. आयुष्यभर घरासाठी मिक्सर घेतला, भावाच्या घरी फ्रीज घेतला, शाळेसाठी नकाशे घेतले. नुसत्या हौसेसाठी घेतलेली ही माझी पहिली वस्तू.

घ्यायला नांदेडला गेले. परभणीत मिळाला असता, पण परभणीत मला ओळखतात. दुकानदार पोरगेला होता, उत्साही. त्यानं आधी कॅमेरा काचेवर ठेवला आणि मग एकेक करत त्याच्याभोवती संसार मांडला. मेमरी कार्ड. जादा बॅटरी. काच पुसायचं मऊ कापड. धूळ उडवायचा रबरी फुगा. मनगटात अडकवायची दोरी. मऊ अस्तराची पेटी. चिमणीच्या पायांसारखे तीन पाय असलेला बुटका स्टँड. कॅमेरा कधी एकटा घरी येत नाही, नवरीसारखा रुखवत घेऊन येतो, हे मला तेव्हा कळलं. मी प्रत्येक वस्तूला आधी ‘नको’ म्हटलं आणि मग घेतली. शेवटी त्यानं आपला हुकमाचा पत्ता काढला. “मॅडम, हा कॅमेरा मोबाईलला जोडता येतो. इकडं काढला की तिकडं मोबाईलवर. अन् मोबाईलवर आला म्हणजे दुनियेत गेला!” मी ते ऐकून खूश झाले. एकच काम करणारी वस्तू घ्यायला निघालेली बाई!

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. खूप दिवसांनी लहान मुलीसारखा आनंद झाला होता आणि त्या आनंदाला लगेच अपराधीपणाचा वास येत होता, जसा नव्या पिशवीला येतो. लिंबगाव गेलं, चुडावा आलं. चुडाव्याला माझ्या भावाचं गाव जवळ. तिथं नेहमी उतरते ती त्या दिवशी उतरले नाही. उतरले तर पिशवी दाखवावी लागली असती. पुढे एकदा त्यानं कॅमेरा पाहिलाच, तेव्हा मी चटकन बोलून गेले, “शाळेचा आहे. स्नेहसंमेलनासाठी.” दत्ता माझ्यापेक्षा लहान, माझ्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवणारा. शाळेचा म्हटल्यावर त्यानं तो दोन्ही हातांनी परत दिला.

दत्ताची मुलगी वैष्णवी. आमची वैशू. पूर्णेच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. चुडाव्याहून सकाळची पॅसेंजर पकडायची, दुपारी परत यायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर अ‍ॅसिडचा पिवळा डाग पडला होता. तिच्या आईनं तो लिंबानं घासून पाहिला. वैशू मात्र तो डाग शाईचं बोट दाखवावं तसा अभिमानानं दाखवायची. “आत्या, आमच्या लॅबमधी पांढरा कोट घालावा लागतो. कोट घातला की सगळेजण मला मॅडमच म्हणायलेत.” बारावी झाल्यापासून दत्ताच्या डोक्यात तिच्या लग्नाचं होतं. मी दरवेळी त्याला अडवायचे. ‘शिकू दे’ एवढे दोनच शब्द. पण ते अक्काचे शब्द म्हणून घरात चालायचे. पोरीच्या आणि मांडवाच्या मध्ये मी उभी होते. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

आता उभ्या फोटोचं सांगायला हवं.

आमच्याकडे फोटोंच्या जाती आहेत. नुसत्या चेहऱ्याचा फोटो परीक्षेला आणि रेशन कार्डाला. बसलेला फोटो शाळेच्या वर्गाचा, नाहीतर निवृत्त होणाऱ्या माणसाचा. आणि एकट्या मुलीचा, साडी नेसलेला, डोक्यापासून पायापर्यंतचा, तो उभा फोटो. त्यात उंची कळते, बांधा कळतो, पाय सरळ आहेत ते कळतं. तो हौसेनं कुणी काढत नाही. तो ‘दाखवायला’ काढतात. घरातलं मोठं माणूस मुलीचा उभा फोटो नातेवाइकांकडे पाठवतं, तेव्हा सोबत चिठ्ठी नसली तरी चालतं. फोटो हीच चिठ्ठी: आता बघायला हरकत नाही.

हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी मला. माझाही उभा फोटो निघाला होता, पूर्णेच्या एका स्टुडिओत, शेजारी स्टुलावर प्लॅस्टिकची फुलं. तो पुष्कळ हिंडला. दरवेळी परत यायचा तेव्हा कोपरा थोडा जास्त दुमडलेला असायचा. मग मला परभणीत नोकरी लागली आणि मी वडिलांना सांगितलं, आता पुरे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण लोक गमतीनं म्हणतात. माझ्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली आणि मला त्याचं दुःखही नाही. पण विसर मात्र पडला. सुखाची नोकरी माणसाला किती विसरायला लावते!

गेल्या हुरड्याला मी स्नेहसंमेलन उरकून थेट शेतात गेले होते. पिशवीत माझी जांभळी रेशमी साडी होती आणि तिच्यात गुंडाळून कॅमेरा. ऊन कलतीला लागलेलं. आगटीचा धूर सरळ वर चाललेला. करडईची पिवळी फुलं काटे सांभाळत उभी होती, हरभऱ्याच्या पानांवरची खारट आंब हाताला लागत होती. मंगल, म्हणजे दत्ताची बायको, कणसं चोळत होती. दत्ता गोवऱ्या सारत होता. मी उतावीळ झाले होते. नवं यंत्र हाताशी आणि समोर हे सगळं! धुराचे काढले, कणसांचे काढले, मंगलच्या हातांचे काढले. मग वैशू म्हणाली, “आत्या, माझा काढ की. तुझी साडी नेसू का?”

तिनं ड्रेसवरूनच साडी गुंडाळली. हसत, अडखळत, निऱ्या मुठीत धरून ज्वारीच्या कडेला जाऊन उभी राहिली. ताटं तिच्या डोक्याच्याही वर गेलेली. मी तो बुटका स्टँड बांधावर रोवला आणि टायमर लावला. शेजारच्या गव्हाला पाणी सोडलेलं होतं, बांध ओला होता. स्टँडचा पुढचा पाय हळूहळू मातीत रुतायला लागला आणि कॅमेरा मान खाली घालू लागला.

“आत्या, बघ बघ! तुझा कॅमेरा मला नमस्कार करायलाय!”

आणि ती हसली. अंगभर हसली. निऱ्यांची मूठ सुटली, एक हात पोटावर गेला, डोळे मिटले. नेमका तेव्हाच टायमर संपला.

तो फोटो मी आजही पाहू शकत नाही आणि पाहिल्यावाचून राहूही शकत नाही. तसा फोटो पुन्हा माझ्या हातून निघणार नाही. कॅमेरा वाकला होता म्हणून आकाश कमी आलं, काळी माती जास्त आली. त्या मातीवर जांभळी साडी आणि मागं हिरवी ज्वारी. पायापासून डोक्यापर्यंत वैशू. मी छोट्या पडद्यावर तो पाहिला आणि मला वाटलं, आता मला कुणी विचारू दे की कॅमेरा कशाला घेतला.

परतीच्या गाडीत तो मोबाईलवर घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमची वैशू’. बस्स. पूर्णा येईपर्यंत कौतुक सुरू झालं. काकांचं आलं, मावसबहिणीचं आलं, कधी न बोलणाऱ्या चुलत मेव्हण्याचंही आलं. ‘अक्का, काय फोटो काढलाय!’ मी एकेकाला हात जोडलेली चित्रं पाठवत बसले. दत्ताकडून काही आलं नाही. मला वाटलं, आगटी विझवत असेल.

चार-सहा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज गंभीर आणि मऊ.

“अक्का, तुझा निरोप कळला.”

“कसला निरोप?”

“फोटोचा. इतके दिवस तू म्हणायलीस, शिकू दे. आमी थांबलाव. आता तूच उभा फोटो काढून पाठवला म्हणल्यावर आमी काय समजायचं ते समजलाव. मानवतजवळचं स्थळ हाय. लय चांगली माणसं. त्यांनी फोटो बघितला अन् तिथंच पसंत केली.”

मी म्हणाले, “अरे, तसं नव्हतं माझ्या मनात. मी सहज काढला.”

तो हसला. “सहज कोण साडी घेऊन येतं शेतात?”

इथं मी काय करायला हवं होतं ते कुठल्याही शहाण्या माणसाला सांगता येईल. गाडी पकडून जायचं, भावाला समोर बसवायचं आणि सांगायचं, बाबा, मी चुकले, कॅमेरा शाळेचा नाही, माझा आहे, हौसेपायी घेतला, हौसेपायी काढला, हा निरोप नव्हे. पण ते सांगायचं तर आधीचं खोटं सोडवावं लागणार, आणि खोटं एकदा विणलं की एक टाका ओढून भागत नाही. शिवाय, हे लिहिताना लाज वाटते, पण कौतुक अजून सुरू होतं. मानवतच्या लोकांनीही विचारलं होतं म्हणे, कुठल्या स्टुडिओवाल्यानं काढला? मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. पोरीचं उरलेलं वर्ष एका पारड्यात आणि माझ्या फोटोची वाहवा दुसऱ्या पारड्यात, असं मी काही तोललं नाही. पण तोललंच नाही, तेच तर चुकलं.

वैशूचा फोन आला तो फारच लहान होता.

“आत्या, तू बी?”

मी म्हणाले, “माणसं चांगली आहेत म्हणतात.” पलीकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. ती स्टेशनवर होती, कॉलेजला निघालेली. “गाडी आली,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

साखरपुड्यात मी फोटो काढले. सगळ्यांनी आग्रहच केला. त्या दिवशी मला कॅमेऱ्याचा एक गुण कळला, जो दुकानदारानं सांगितला नव्हता. कॅमेरा हातात असला की तोंड बंद ठेवायची परवानगी मिळते. कुणी तुम्हाला बस म्हणत नाही, तुमचं मत विचारत नाही. सगळे फक्त तुमच्याकडे बघून सरळ बसतात. मुलाच्या आईनं शिक्षण विचारलं. दत्ता म्हणाला, “बी.एस्सी.” त्यापुढे ‘चालू आहे’ एवढे शब्द होते, ते त्यानं गिळले. मुद्दाम गिळले की गडबडीत राहिले, देव जाणे. वैशूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी झूम कमी-जास्त करत होते. तिचा चेहरा पडद्यावर जवळ आला, दूर गेला.

उन्हाळ्यात लग्न झालं. पेपर संपले आणि हळद लागली.

माणसं खरोखर चांगली निघाली, हे आणखी वाईट. वाईट असती तर मला भांडता आलं असतं, तिला घरी आणता आलं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. जावई पाण्याचा ग्लास स्वतः उचलून ठेवतो. सासू तिला नावानं न बोलावता मायेनं ‘बाई’ म्हणते. दिवाळीला वैशू माहेरी आली तेव्हा मीही गेले होते. “कशी आहेस?” विचारलं. “बरी हाय,” म्हणाली. मग जरा वेळानं तिनंच विचारलं, “कॅमेरा आणला न्हाईस?” मी म्हणाले, “बिघडलाय.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. तिच्या बोटावरचा पिवळा डाग गेला होता.

लग्न झाल्यापासून मी कॅमेरा बाहेर काढलेला नाही. शेजारीण विचारते, हौस फिटली वाटतं? मी मान हलवते. हिवाळा आला, ज्वारी भरली, सकाळी धुकं पडायला लागलं. शाळेच्या मैदानापलीकडच्या शेतात गोफणीचा आवाज येतो, पाखरांचा थवा एकदम वर उठतो, आणि त्यांच्याकडे बघताना माझा हात आपसूक पिशवीत जातो. पिशवीत चष्मा असतो आणि प्रगतिपुस्तकं. एखादी मुलगी वर्गात मोठ्यानं हसली, तरी मी हल्ली ओरडत नाही. मुलींना वाटतं, बाई निवळल्या.

या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मॅडम, मी वैष्णवीची सासू बोलायलेय, मानवतहून. हुरड्याला या म्हणायला फोन केला. तुमची तब्येत ठीक न्हाई म्हणं.”

“बरी आहे आता,” मी म्हणाले.

“मग याच. आणखी एक विचारायचं व्हतं. रागवू नका.” मागं कुठेतरी कोंबड्याचा आवाज येत होता. “तो शेतातला फोटो तुमीच काढला म्हणं. आमी मोठा करून लावलाय भिंतीवर. येणारे-जाणारे बघत राहतात. त्यात कशी हसती ती! खरं सांगते, आमी त्या हसण्यालाच भुललो. पण मॅडम, घरात तसं एकदा बी हसली न्हाई. काम करती, उलट बोलत न्हाई, माझं लय करती. पण तसं हसत न्हाई. मला लय वाईट वाटतं. तवा तुमी काय म्हणला व्हता तिला?”

मी काही म्हटलं नव्हतं. कॅमेराच चिखलात वाकला होता. पण ते सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

“तिचं एक वर्ष राहिलंय.”

“कशाचं?”

“कॉलेजचं. शेवटचं वर्ष. बी.एस्सी. पूर्ण नाही झालेलं तिचं.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“आमाला तर झालं म्हणून सांगितलं,” बाई सावकाश म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “अगं माय. एकच वर्ष? अन् पोरगी काहीच बोलली न्हाई. जूनात घालू की तिला कॉलेजात, त्याला काय लागतंय? आदीच सांगितलं असतं तर औंदाच घातली असती.”

मग अगदी सहज, समजून घ्यायचं म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“पण मॅडम, मी शिक्षण विचारलं तवा तुमी तर व्हत्या की तिथं.”